सेंबावांगच्या कुंडावर

७ जून, शनिवार

आई, म्हणजे सासूबाई, येऊन आठवडा झाला. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत. गुडघ्यांचं मात्र रोजचं गाऱ्हाणं. ऐकून घेणारा मुलगाही, माझा नवरा मंदार, चार महिने जहाजावर काढून मार्चपासून घरीच, त्यामुळे घरात सध्या दुसरा विषय नाही.

रेवाची शाळेची सुट्टी चालू आहे. आज तिने फोनवर शोधून काढलं की सिंगापुरातही गरम पाण्याचे झरे आहेत, सेंबावांगला. आईंचा विश्वास बसेना. "इथे? या सिमेंटात?" त्यांचं माहेर संगमेश्वरकडचं, गावातच कुंड. रेवा इथल्या पोरांसारखं 'लाह' जोडत म्हणाली, "आजी, ट्रस्ट मी लाह. पार्क आहे. लोक एग्ज बॉइल करतात." "अंडी? कुंडात?" आईंनी कानाला हात लावला. पण डोळे चमकले. उद्या जायचं ठरलं.

मंदारची वैद्यकीय तपासणी २३ला, जहाजावर रुजू २७ला. (तो घरी असला की वहीत त्याचं नाव इतक्यांदा येतं, म्हणून यापुढे मं. एवढंच.)

संध्याकाळी मं. खाली दूध आणायला गेला आणि एकाच पायात चप्पल घालून वर आला. दुसरी खाली लिफ्टच्या दारात पडलेली. रेवा हसून लोळायची बाकी होती. "बाबा, हाऊ कॅन यू नॉट नो?" तोही हसला, मीही हसले.

पुंगोलातलं हे घर अकराव्या मजल्यावर आहे. लिफ्टमधून उतरल्यावर लांबलचक कॉरिडॉर. तेवढं अंतर तो एक पाय उघडा टाकत आला.

८ जून, रविवार

टॅक्सीने गेलो. बाहेर अंग भाजणारं ऊन, आणि त्या उन्हात गरम पाण्यात पाय घालून बसायला ही गर्दी. छान केलंय मात्र. झाडं, बसायला ओटे, पायरीपायरीने खाली येणारं पाणी, वरच्या पायरीला जास्त कढत, खालच्या पायरीला सोसवेल असं. ज्यांना वेगळं बसायचंय त्यांना प्लास्टिकचे टप. एका बाजूला अंडी शिजवायची जागा, तिथे नळाला उकळतं म्हणावं असं पाणी. गंधकाचा बारीक वास.

आईंनी पर्समधून पुरचुंडी काढली. पांढऱ्या फडक्यात मूठभर तांदूळ बांधून आणले होते. "आमच्याकडे असेच शिजवतात. माझी आजी शिजवायची. तो प्रसाद." शेजारी एक चिनी आजोबा दर रविवारी येणारे, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून, डब्यात सहा अंडी. त्यांनी पुरचुंडीकडे बघून विचारलं, "आंटी, टी बॅग आह?" रेवाने आजीला भाषांतर करून सांगितलं नाही, बरं झालं. आईंचे तांदूळ अर्ध्या तासाने बाहेरून मऊ, आतून कच्चे. तरी सगळ्यांना एकेक दाणा वाटला. आजोबांनाही. त्यांनी तो हातावर घेऊन गंभीरपणे खाल्ला आणि आईंना एक अंडं देऊ केलं. आईंनी हात जोडले.

मग आईंनी ती गोष्ट काढली. मं. आणि त्याचा मामेभाऊ विलास, लहानपणी मे महिन्यात गावच्या कुंडावर पैज लावायचे. सगळ्यात कढत कुंडात पाय घालायचे, जो आधी काढेल तो हरला. "विलास लगेच बोंबलायचा. हा माझा पठ्ठ्या मात्र हलायचा नाही. कान लालबुंद, दात आवळलेले, मोठ्याने आकडे मोजायचा. शंभर झाल्याशिवाय पाय काढला नाही कधी."

रेवा म्हणाली, "बाबा, शो लाह."

मं.ला एवढंच पुरे. टप घेतला, थेट नळाखाली नेऊन भरला. लोक अर्धं गार पाणी मिसळतात, त्याने जेमतेम दोन मग ओतले. बूट-मोजे काढले आणि दोन्ही पाय आत. रेवाने फोन धरला. आजोबा म्हणाले, "बॉस, टू हॉट. ॲड कोल्ड वॉटर फर्स्ट." मं. म्हणाला, "अंकल, आय वर्क इन एंजिन रूम." सगळे हसले.

मी टपात बोट घातलं. लगेच काढलं. काढावंच लागलं, मी काढायचं ठरवण्याआधी हात मागे आला.

आई टाळ्या वाजवत होत्या. रेवा सेकंद मोजत होती. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. दात आवळलेले नव्हते. कान लाल नव्हते. तो आजोबांना विचारत होता, अंडं कडक व्हायला किती वेळ लागतो.

म्हटलं, "मंदार, पाय काढ."

"अगं, काही नाही."

"काढ म्हणते ना!"

आवाज चढला असणार. आजोबांनी मान वळवली. आई म्हणाल्या, "अगो वृंदा, कशाला ओरडतेस त्याला, लहानपणापासून..."

त्याने पाय काढले. घोट्याच्या वर एक सरळ रेघ, तिच्या खाली लालभडक. लाल मोजे घातल्यासारखे. रेवा "व्हाआ" म्हणाली. तो स्वतः क्षणभर बघत राहिला. मग झटकन पुसून मोजे चढवले.

परतताना टॅक्सीत तोच जास्त बोलत होता.

९ जून, सोमवार

सकाळी दोन्ही तळव्यांच्या कडेला फोड. उजव्या पायाचा लिंबाएवढा. मोजा काढताना साल निघाली, आणि त्याने हूं की चूं केलं नाही.

आई पोळ्या लाटत होत्या, म्हणून बाथरूमच्या दारात उभं राहून हळू आवाजात बोलणं.

"पॉलिक्लिनिकला चल. आत्ता."

"नको."

"मंदार, हे भाजलंय."

"सरकारी आहे ते, तिकडे गेलं की सगळं स्क्रीनवर चढतं. तेवीसला मेडिकल आहे."

"भाजल्याचं चढलं तर काय होतं?"

तो नळाकडे बघत म्हणाला, "मला लागत नाही, वृंदा. पायाला. कळतच नाही."

"कधीपासून?"

"दोन जहाजं झाली."

आम्ही वेळ अशीच मोजतो, लग्न झाल्यापासून. दोन जहाजं म्हणजे सुट्ट्या धरून सव्वा-दीड वर्ष. तेवढ्या काळात तो दोन सुट्ट्यांना घरी होता, या घरात चालला-फिरला, मी शेजारी झोपले. मला कळलं नाही. साखर आहे हे माहीत होतं, पुण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, "काठावर आहे" एवढंच सांगायचा. मागच्या जहाजावर बुटात रक्त दिसलं तेव्हा त्याला समजलं की बोटावर पाना पडला होता. पाना सकाळी पडला, रक्त दुपारी दिसलं.

ऑफिसला उशिरा गेले. चांगीला ऑफिस, तिथपर्यंत मेट्रो बदलताना दोनदा चुकीच्या प्लॅटफॉर्मवर उभी राहिले.

१० जून, मंगळवार

आईंना सांगितलंय, नवीन बूट घासले. त्यांनी कोरफड आणायला सांगितली. शेजारच्या ब्लॉकखालच्या कुंड्यांत आहे, कुणाची तरी. मागून आणली.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या खालच्या हॉकर सेंटरमध्ये भात पुढ्यात घेऊन फोनवर वाचत बसले. बधिर पाय, भाजणं, जखम. फोटो उघडले नाहीत. मग उघडले. भात तसाच ठेवून उठले.

घरी आले तर आई चिपळूणला फोनवर, विलासच्या आईशी. "अजून तस्साच आहे हो! पाय ठेवला तो ठेवला. इथले लोक बघत राहिले."

मं. सोफ्यावर, पाय उशीवर, टीव्हीकडे तोंड. आवाज बंद होता टीव्हीचा.

१२ जून, गुरुवार

रोज सकाळी आणि मी आल्यावर, दोनदा ड्रेसिंग. फोड फुटला. कड लाल आहे, ती वाढतेय का ते कळावं म्हणून मी पेनने रेघ मारून ठेवली. हे कुठेतरी वाचलं.

आज मं. म्हणाला, "इतकंही काही नाही. वरून थोडं कळतं. तू उगाच घाबरतेस." म्हटलं, बघू या. डोळे मीट. इअरबडचा कापूस एकेक बोटाला टेकवेन, लागलं की सांग कुठलं.

डोळे मिटून बसला, शाळेतल्या मुलासारखा ताठ. मी टेकवलं. "हो, करंगळी." बरोबर होतं. "हो, मधलं." चूक. "हो, अंगठा." बरोबर.

मग मी हात मागे घेतला. मांडीवर ठेवला. नुसती बसून राहिले.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "हो. अंगठा."

मी हात मांडीवरच ठेवला. आणखी थांबले. "हो. शेजारचं."

अंदाजाने बोलत होता. मघाच्या वेळा मोजून. एकोणीस वर्षं संसार केलाय या माणसाशी, हा खोटं बोलतोय असं म्हणायला जीभ उचलेना. कारण तो मला फसवत नव्हता. तो डोळे घट्ट मिटून, सगळं लक्ष लावून, खरंच शोधत होता.

"पुरे," म्हटलं. "उघड डोळे."

"किती आले बरोबर?"

"बरेच."

म्हणजे आज मीही खोटं बोलले.

१४ जून, शनिवार

रेवा माझ्या खोलीत आली, दार लावून घेतलं. पंधरा वर्षांची मुलगी दार लावून घेते तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवते. फोन पुढे केला. तो व्हिडिओ.

"ममा, लूक ॲट हिज फेस. ही इझंट ॲक्टिंग टफ."

पुन्हा बघितला. टाळ्या, हशा, आजोबांची सूचना. आणि हे मला तिथे दिसलं नव्हतं: मं.च्या डोक्यामागे पार्कची पाटी. चार भाषांत. मधुमेह असलेल्यांनी काळजी घ्यावी. तामिळ तेवढी त्याच्या मानेआड, बाकी तिन्ही ओळी स्पष्ट दिसतात.

"बाबांना फील होत नाही ना?"

हो म्हटलं. तिच्याशी खोटं बोलण्याएवढी ताकद शिल्लक नव्हती.

"सो बाबा डॉक्टरला लाय करणार? फॉर द मेडिकल?"

"अजून ठरलं नाही."

"व्हॉट इज देअर टु डिसाइड?"

तिने व्हिडिओ पुसून टाकला. मी नको म्हणेपर्यंत गेला. म्हणाली, "आजी सगळ्यांना पाठव म्हणत होती."

१६ जून, सोमवार

रेघेच्या बाहेर लाली गेली. अर्ध्या बोटाएवढी. मग मी ऐकून घेतलं नाही. मधला मार्ग म्हणून ब्लॉकखालच्या खाजगी क्लिनिकमध्ये.

डॉक्टर तरुण मुलगी, चष्मा, अगदी हळू हात. "काय झालं?"

मं. म्हणाला, "किटलीतलं पाणी सांडलं."

दोन्ही पायांवर? एकसारखं? घोट्याशी सरळ रेघ? तिने हे विचारलं नाही, फक्त वर बघितलं. मग, "डायबिटीस आहे?" "बॉर्डरलाइन." मग तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. बायका एकमेकींकडे बघतात तेवढंच.

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले.

अँटिबायोटिक दिलं. पायाच्या तज्ज्ञांकडे जा म्हणाली, लवकर. निघताना दारात मला एकटीला म्हणाली, "आंटी, प्लीज मेक हिम गो." मी तिची आंटी झाले त्याचंही काही वाटलं नाही.

किटली. आपल्या घरी किटलीच नाही, चहा पातेल्यात होतो. एवढं साधं खोटंही त्याने आपल्या घरातलं वापरलं नाही.

१८ जून, बुधवार

अँटिबायोटिक लागू पडतंय. लाली रेघेच्या आत आली. मं. खूश. सकाळी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या, लंगडत नाही. लंगडेल कशाला, दुखतच नाही.

बॅग काढून ठेवली त्याने पलंगाखालून.

१९ जून, गुरुवार

भांडलो. आई रेवाला घेऊन खालच्या बागेत गेल्या होत्या, तेवढ्या पाऊण तासात.

तो म्हणाला, झोपेत इंजिनाचा आवाज बदलला तरी मला कळतं. एकवीस जणांच्या जहाजावर मी पाय घेऊन कामाला जात नाही, डोकं घेऊन जातो. चीफ इंजिनिअर शिड्या चढत नाही. (चढतो. मला माहीत आहे, तोच सांगतो.) साखर आता काबूत ठेवीन. एक जहाज करू दे. परत आल्यावर सगळं दाखवू.

"आणि बोटीवर जखम चिघळली तर?"

"औषधं असतात."

"किनारा किती दिवसांवर असतो?"

तो उठून खिडकीशी गेला.

मग मी ते विचारलं. ठरवून नाही. जहाजावर यांची पद्धत असते, कुणाचं थोडक्यात निभावलं, लागता लागता वाचलं, तरी कागदावर लिहून द्यायचं. लपवायचं नाही. जो लपवेल त्याला हा सोलून काढतो. पोरं घाबरतात त्याला त्यासाठीच, आणि मान देतात तेही त्यासाठीच. म्हटलं, "तुझा फोर्थ इंजिनिअर असे पाय लपवून जहाजावर आला असता, तर काय केलं असतंस?"

तो खिडकीबाहेर बघत होता. खाली एलआरटीची छोटी रेल्वेगाडी एक फेरी करून गेली.

"पुढच्या बंदरात उतरवून घरी पाठवला असता."

"मग?"

"मग काय मग! तो सत्ताविशीचा, सगळं आयुष्य असतं पुढे. दुसरं काहीतरी करतो. मी काय करू? तुझा डबा भरू? लिफ्टमध्ये ये-जा करू?"

आई आल्या. आम्ही दोघंही लगेच हसरे.

२० जून, शुक्रवार

हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे.

काल तो "एक जहाज करू दे" म्हणाला तेव्हा माझ्या मनात एक क्षण आलं, करू दे. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. चार महिने तो, चार महिने मी, असं माझं आयुष्य बसलंय. तो गेला की पहिला आठवडा घर खायला उठतं, मग घर माझं होतं. उशा हव्या तशा ठेवते. रात्री भात नाही केला तरी चालतं. वही उघडते. तो कायमचा घरी, तोही जहाज हिरावलेला, रोज सोफ्यावर, टीव्हीचा आवाज बंद. याची मला भीती वाटते. त्याच्या पायापेक्षा जास्त? नाही. पण भीती आहे, आणि ती आहे म्हणून क्लिनिकमध्ये मी कॅलेंडर वाचत बसले असेन का?

नुसतं त्याच्यावर ढकलत होते इतके दिवस.

२१ जून, शनिवार

दुपारी आईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. कढीपत्ता निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बुटाने घासलं नाहीये ते."

मी उभी.

"मी तिथेच बघितलं. कान लाल झाले नाहीत त्याचे."

"मग तुम्ही टाळ्या..."

"चारचौघांत काय करू? आणि तो हसत होता." पानं खुडत राहिल्या. "ह्याच्या वडिलांना असंच. चुलीतला निखारा पायाखाली आला, वास आला तेव्हा मला कळलं. त्यांना नाही. मी कुणाला बोलले नाही. शिक्षक होते, रोज चालत शाळेत जायचे. म्हटलं, लोक काय म्हणतील, मास्तर अधू झाले. पुढे बोट काढलं, मग अर्धं पाऊल. तुला ठाऊक आहे ते. पण गँगरीन झालं एवढंच. निखाऱ्याचं मंदारलाही ठाऊक नाही."

"मग फोनवर सगळ्यांना ते पैजेचं का सांगत होतात?"

"सांगून सांगून खरं होतं का, ते बघत होते."

मला रडू आलं नाही, त्यांनाही नाही. कढीपत्त्याचा ढीग उगाच मोठा झाला होता, त्यात माझ्याही हाताने चार काड्या खुडल्या.

म्हणाल्या, "तू माझ्यासारखी करू नकोस. त्याला राग येऊ दे. रागावलेला नवरा परवडतो."

संध्याकाळी त्यांनी मं.ला निखाऱ्याचं सांगितलं. मी मुद्दाम बाहेर होते, रेवाबरोबर पाण्याकाठच्या रस्त्यावर. परत आलो तेव्हा दोघं शेजारी बसलेली. आईंचा हात त्याच्या गुडघ्यावर. जिथे कळतं तिथे.

२२ जून, रविवार

म्हटलं, "मी उद्या बरोबर येणार."

"ये."

"मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. हे आधी सांगून ठेवते."

"आणि विचारलं नाही तर?"

"तर तू."

मान हलवली. हो की नाही कळलं नाही. बॅग अर्धी भरलेली आहे. काम करायचे निळे कपडे घडी करून तळाला, त्यावर गोळ्यांचा डबा. भरली नाही, रिकामीही केली नाही.

आईंनी उपास धरलाय. विचारलं कुणाचा, तर म्हणाल्या, असाच.

२३ जून, सोमवार

(पहिलं वेटिंग रूममध्ये लिहिलेलं.) पावणेदहा. भरलेली खोली, बहुतेक सगळे जहाजवाले. फिलिपिनो, बर्मी, आपले दोघं-तिघं. एक पोरगा पहिल्या जहाजावर निघालेला, फाइल छातीशी. मं.ला "सर" म्हणून जागा दिली.

फॉर्म. दोन पानं, हो-नाहीच्या चौकटी. चक्कर, दमा, फेफरं, मधुमेह, हातापायांना बधिरपणा. मं.ने पहिल्या सगळ्यांवर भराभर "नाही". मधुमेहावर "हो" केलं, पुढे "गोळ्या" लिहिलं. बधिरपणाशी पेन थांबलं. पुढचे सगळे प्रश्न भरले. खाली सही केली. ती एक चौकट कोरी.

मी बघितलं हे त्याने बघितलं.

नाव पुकारलं. फॉर्म घेऊन आत गेला. मी एकटी. कोरी चौकट खोटी नसते, असं मनात आलं. लगेच, असते, असंही.

दहा दहा. ज्याच्या त्याच्या तपासणीला पाच-सात मिनिटं लागतायत. फाइल छातीशी धरलेला पोरगा जाऊन आला, आनंदाने बाहेर फोनवर आईशी बोलतोय, मलयाळममध्ये. कळत नाही तरी कळतं.

दहा पंचवीस. अजून आतच.

(घरी, संध्याकाळी चारला.) त्यानंतर नर्स बाहेर आली. "मिसेस? डॉक्टर आस्किंग, हाऊ लाँग हिज फीट नो फीलिंग? ही सेज आस्क माय वाइफ."

आत गेले. मं. तपासणीच्या टेबलावर बसलेला, पट्ट्या सोडलेल्या, दोन्ही पाय उघडे, जमिनीपासून वर. माझ्याकडे बघत नव्हता. डॉक्टर वयस्कर सरदारजी, हातात, पायाला कंपन कळतं का ते बघायचा, दोन दातांचा काटा. त्यांनी पट्ट्या सोडायला लावल्या की याने आपणहून सोडल्या, हे मला माहीत नाही. विचारलेलं नाही. चौकट अजून कोरी होती आणि पेन डॉक्टरांच्या बोटांत.

"मॅडम, कब से?"

मी म्हणाले, "दो जहाज से." डॉक्टरांना कळलं नाही. मग आकड्यात सांगितलं. दीड वर्ष. थोडं कमी.

डॉक्टरांनी चौकट भरली. ना पास केलं, ना नापास. पायाच्या तज्ज्ञांचा कागद आल्याशिवाय सही नाही म्हणाले. तज्ज्ञांची वेळ गुरुवारची मिळाली, २६. जहाज २७ला. एका दिवसात कागद मिळतो की नाही, मिळाला तर त्यात काय असेल, आणि त्या दिवसापर्यंत कंपनी दुसरा माणूस शोधून ठेवेल की नाही, हे कुणालाच सांगता आलं नाही. मं.ने तिथूनच कंपनीला फोन केला. कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन, माझ्याकडे पाठ करून. दोन मिनिटांत संपला.

टॅक्सीने निघालो. एक्स्प्रेसवेवर आल्यावर म्हणाला, "एक वर्ष म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

"एक वर्षाने काय झालं असतं?"

विचार केला. "काही नाही. तेच."

आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, डोकं मागे टेकून डोळे मिटले. झोपला नव्हता. बोट खिडकीच्या काचेवर हळूहळू वाजवत होता.

आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या मिसेस लिम होत्या, हातात भाजीची ट्रॉली. त्या गेली दहा वर्षं त्याला एकच प्रश्न विचारतात, भेटल्या की. "बॅक टु सी आह? वेन?" आणि तो दर वेळी तारीख सांगतो, तोंडपाठ असते. मी त्याच्याकडे बघितलं नाही, वरच्या आकड्यांकडे बघत राहिले. तीन, चार.

"सी हाऊ, आंटी," मं. म्हणाला, म्हणजे बघू कसं काय ते. "सी हाऊ."

सातवा आला. दार उघडलं, त्या उतरल्या. वर जायचं बटण त्याने दाबलं होतं की मी, आठवत नाही, पण लिफ्ट निघाली.